श्रेय कोणाला? बर्चची पानं पोखरणाऱ्या अळ्या आणि जैविक नियंत्रणाचे तीन दावे

जैविक नियंत्रणावरच्या पेपरमध्ये एक वाक्य हमखास भेटतं. मित्रकीटक सोडला, तो तिथे रुजला, आणि किडीचं प्रमाण घटलं. या वाक्यात तीन गोष्टी आहेत. पण वाचताना आपण चौथी गोष्ट पदरची घालतो, की मित्रकीटकामुळेच कीड घटली. गंमत म्हणजे पुष्कळदा लेखकांनी हे चौथं वाक्य लिहिलेलंच नसतं. ते आपण लिहितो, सेमिनारच्या स्लाइडवर.

पेपरची समीक्षा कशी करायची, असं पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण विचारतात. नियमांची यादी देण्यापेक्षा एक खरं प्रकरण उलगडून बघू. प्रकरण उत्तर अमेरिकेतलं आहे, झाड बर्च आहे, आणि कीड पानाच्या आत राहणारी आहे. एकाच प्रकारची कीड, जवळचे नातलग असलेले मित्रकीटक आणि तीन ठिकाणं. तिन्ही ठिकाणी कीड घटली. तरीही माझ्या मते तिन्ही दाव्यांचं वजन सारखं नाही. ते का, हेच आज सांगायचं आहे.

आधी कीड समजून घेऊ

बर्च म्हणजे आपल्या हिमालयातल्या भूर्जवृक्षाचं भावंड. ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या गेल्या, ते भूर्जपत्र याच कुळातलं. उत्तर अमेरिकेत आणि उत्तर युरोपात बर्च जंगलात तर आहेच, पण शहरातल्या रस्त्यांच्या कडेला आणि घरांच्या अंगणातही भरपूर लावलेला असतो. पुढच्या सगळ्या गोष्टीला हे शहरीपण कारणीभूत आहे.

आपल्याकडे टोमॅटोच्या किंवा लिंबाच्या पानावर पांढरी वेडीवाकडी रेघ दिसते, तिला शेतकरी नागअळीचं काम म्हणतात. बर्चमधल्या या अळ्यांचा धंदा तोच. पानाच्या वरच्या आणि खालच्या त्वचेमधला हिरवा गर खायचा आणि दोन्ही त्वचा तशाच ठेवायच्या. फरक इतकाच की इथे रेघ न उमटता फोडासारखा डाग पडतो, तो पसरतो आणि पान तपकिरी होतं.

आपल्याला दोन जाती लागणार आहेत. दोन्ही मूळच्या युरोपातल्या आणि दोन्ही सॉफ्लाय गटातल्या. नावात माशी असली तरी सॉफ्लायचं गोत्र मुंग्या-गांधीलमाश्यांचं.

पहिली फेनुसा प्युमिला. ही 1923 मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात नोंदली गेली. तिला कोवळी, नुकती उलगडणारी पानं लागतात. वर्षात तिच्या एकाहून जास्त पिढ्या होतात.

दुसरी प्रोफेनुसा थॉमसोनी. हिचं वागणं उलट. ती पूर्ण वाढलेली पानं घेते, सावलीतल्या खालच्या फांद्या तिला आवडतात आणि वर्षाला तिची एकच पिढी होते. हिच्यात नर नसतातच. माद्या मिलनाशिवाय अंडी घालतात आणि त्यातून पुन्हा माद्याच निघतात. म्हणजे नवीन गावात वस्ती करायला तत्त्वतः एक मादी पुरते.

दोन्हींच्या अळ्या पोट भरलं की पानातून बाहेर पडतात, खाली जमिनीत जातात आणि हिवाळा मातीत काढतात.

यामुळे झाड सहसा मरत नाही. पण ऐन उन्हाळ्यात अख्खं झाड भाजल्यासारखं दिसतं, लोक पालिकेकडे तक्रारी करतात, आणि मग फवारणी किंवा खोडात, मुळाशी कीटकनाशक देणं सुरू होतं. म्हणून जैविक नियंत्रणाचा प्रश्न इथे नुसता अभ्यासाचा राहत नाही. एकीकडे वस्तीत वापरलं जाणारं विष, दुसरीकडे एक परका कीटक निसर्गात सोडण्याचा निर्णय. फवारणी थांबवता येते. सोडलेला कीटक परत डबीत भरता येत नाही. पुढच्या शहरात तो सोडायचा की नाही हे आधीच्या शहराच्या यशावरून ठरतं, म्हणून ते यश नीट तपासायला हवं.

पहिला दावा: एडमंटन

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटन शहरात प्रोफेनुसाने बर्चला बराच काळ छळलं. 1990 च्या दशकात तिची संख्या कोसळली. 2003 मध्ये डिगवीड आणि सहकाऱ्यांनी यावर कॅनडाच्या वनखात्यासाठी अहवाल लिहिला. त्यांचं बोट एका परजीवी गांधीलमाशीकडे होतं. लॅथ्रोलेस्टिस वंशातली ही छोटी माशी पानातल्या अळीच्या अंगात अंडं घालते. अळी बिचारी खात राहते, मातीत जाते, आणि तिच्या जागी पुढच्या हंगामात गांधीलमाशी बाहेर येते.

यातली मजेची गोष्ट अशी की ही गांधीलमाशी तिथे कोणी सोडलेली नव्हती. त्याच दशकात एडमंटनमध्ये परजीवी सोडले गेले होते, पण ते दुसऱ्या किडीसाठी, फेनुसासाठी, आणि ते दुसऱ्या जातींचे होते. प्रोफेनुसावरची माशी आपली आपण आली. तिच्या कामाला जैविक नियंत्रणाचा लाभ म्हणायचं, पण योजना कोणाचीच नव्हती.

आता पुराव्याकडे बघा. कीड घटली, हे खरं. त्या वेळी गांधीलमाशी हजर होती, हेही खरं. पण योजनाच नव्हती म्हटल्यावर ‘माशी नसलेला प्लॉट’ आधीपासून राखून ठेवलेला नव्हता. म्हणजे आपल्या हातात एकाच शहरातली ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी तुलना उरते. अशा तुलनेला दोन जुने रोग असतात.

पहिला रोग सरासरीकडे परतण्याचा. किडीचा अभ्यास कधी सुरू होतो? उद्रेक शिगेला पोचतो तेव्हा. लोक ओरडतात, निधी मिळतो, विद्यार्थी नेमला जातो. शिखरावरून मोजायला सुरुवात केली की पुढचे आकडे बहुतेक वेळा खालीच जाणार, कोणी काही सोडलं नाही तरी. दुसरा रोग कार्यकारणाच्या दिशेचा. यजमान अळ्या भरपूर झाल्या की परजीवी वाढतो, कारण त्याला खायला भरपूर असतं. त्यामुळे उद्रेकाच्या शेवटी परजीवींचं प्रमाण जास्त दिसणं हे उतरणीचं कारण असू शकतं, तसंच आधीच्या चढणीचा परिणामही असू शकतं.

म्हणजे एडमंटनचा निष्कर्ष चूक का? नाही. मला तो पटण्याजोगा वाटतो. पण ‘पटण्याजोगा’ आणि ‘दाखवून दिलेला’ यात अंतर आहे. ते अंतर तुमच्या थीसिसच्या पहिल्या प्रकरणात दिसायला हवं.

दुसरा दावा: अँकरेज

1990 च्या दशकात प्रोफेनुसा अलास्कातल्या अँकरेजला पोचली. इथे मात्र योजना होती. 2004 ते 2008 या काळात कॅनडातून आणलेल्या साडेतीन हजारांहून जास्त प्रौढ गांधीलमाश्या बर्चच्या झाडांत सोडल्या गेल्या. सोपर, मॅकक्वेरी आणि व्हान ड्रिश यांचा यावरचा पेपर 2015 चा आहे. माशी रुजली, पसरली आणि अँकरेजमधली पोखरलेली पानं कमी झाली, असं त्यात आहे.

रचनेच्या दृष्टीने हे काम एडमंटनपेक्षा वरचं आहे. कधी, कुठे, किती सोडल्या याची नोंद आहे आणि मोजणी वर्षानुवर्षं केलेली आहे. पण उडणाऱ्या जिवावर प्रयोग करताना एक अडचण कायम असते. कंट्रोल प्लॉट किती दूर ठेवायचा? जवळ ठेवला तर माशी दोन हंगामांत तिथे पोचते आणि कंट्रोल राहतच नाही. लांब ठेवला तर हवामान, झाडांचं वय, शहराची उष्णता, सगळंच बदलतं. असा पेपर वाचताना मी कंट्रोलच्या वाक्याशी थांबते आणि विचारते की कंट्रोल शेवटपर्यंत कंट्रोल राहिला का? तो राहिला नसेल, तर प्रयोग गुपचूप ‘आधी-नंतर’ तुलनेवर उतरलेला असतो.

शिवाय अलास्कात सोडलेली माशी एकटी नव्हती. तिथे प्रोफेनुसावर आणखी परजीवी सापडले. त्यांपैकी एक विज्ञानाला नवीनच होता, आणि त्याचं नाव याच प्रकल्पातल्या संशोधिकेवरून लॅथ्रोलेस्टिस सोपेरी ठेवलं गेलं. तीन जण एकाच ताटात जेवत असतील, तर ताट कोणी संपवलं हे नुसत्या रिकाम्या ताटावरून सांगता येत नाही.

मध्येच नाव बदललं

या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हा, आणि सेमिनारमध्ये नेमका हाच गाळला जातो.

एडमंटनच्या अहवालात आणि अलास्कात सोडताना या माशीचं नाव होतं लॅथ्रोलेस्टिस ल्युटिओलेटर. 2010 मध्ये रेश्चिकोव्ह, सोपर आणि व्हान ड्रिश यांनी उत्तर अमेरिकेतल्या लॅथ्रोलेस्टिसचा आढावा घेतला, तेव्हा बर्चवरची माशी ही ती जातच नव्हे असं दिसलं. खरी ल्युटिओलेटर नाशपाती-चेरीच्या पानांवरच्या, उघड्यावर खाणाऱ्या सॉफ्लायच्या अळ्यांवर जगते. बर्चवरची माशी वेगळी निघाली आणि तिला लॅथ्रोलेस्टिस थॉमसोनी हे नवं नाव मिळालं. कीडही थॉमसोनी आणि तिचा शत्रूही थॉमसोनी, त्यामुळे वाचताना जरा जपून.

विचार करा, शेवटची माशी 2008 मध्ये सोडली आणि तिचं खरं नाव 2010 मध्ये ठरलं. यात कोणाचा हलगर्जीपणा होता असं मी म्हणत नाही. या गटाचं वर्गीकरणच अवघड आहे, आणि दुरुस्ती प्रकल्पातल्याच लोकांनी केली ही जमेची बाजू आहे. पण परिणाम लहान नाही. परका कीटक सोडण्याआधी पहिला प्रश्न असतो, तो दुसऱ्या कोणाला खाईल का? याचं उत्तर आपण जुन्या नोंदींतून शोधतो, आणि नोंदी नावाखाली लावलेल्या असतात. नावच दुसऱ्याचं असेल तर सगळी फाइल दुसऱ्याची. इथे सुदैवाने नव्या जातीचं खाणं अधिक मर्यादित दिसलं. उलटही घडू शकलं असतं.

फेनुसाचंही असंच. जुन्या पेपरांत ती फेनुसा पुसिला म्हणून आहे, नव्यांत प्युमिला. एकच नाव टाकून शोधलंत तर अर्धं साहित्य दिसणारच नाही. लिटरेचर रिव्ह्यू सुरू करताना आधी जुनी नावं काढा, मग कीवर्ड ठरवा.

मोजलं काय?

समजा नाव पक्कं आहे आणि कंट्रोलही शाबूत आहे. तरी आकडा कशाचा, हा प्रश्न उरतोच.

इथे दोन आकडे फिरतात. एक, पोखरलेल्या पानांची टक्केवारी. तो घ्यायला सोपा, पण त्यात दोन खोड्या आहेत. प्रोफेनुसाच्या अनेक अळ्या एकाच पानात असतात आणि त्यांचे डाग एकमेकांत मिसळतात. पानात एक अळी असो की आठ, पान ‘पोखरलेलं’ म्हणून एकदाच मोजलं जातं. म्हणजे अळ्या निम्म्या झाल्या तरी टक्केवारी फारशी हलणार नाही, आणि नंतर एकदम पडल्यासारखी वाटेल. दुसरी खोड फांदीची. आपला हात खालच्या फांदीपर्यंत पोचतो, आणि प्रोफेनुसालाही खालच्या सावलीतल्या फांद्याच आवडतात. हाताशी आली ती पानं तोडली, तर अख्ख्या झाडाचा आकडा फुगणारच.

पानं निवडणाऱ्याच्या मनात काय आहे, याचाही परिणाम होतो. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठातले कोझलोव्ह, झ्वेरेव्ह आणि झ्वेरेवा यांनी उत्तर युरोपात बर्चच्या पान पोखरणाऱ्या किडींवर पुष्कळ काम केलं आहे. 2014 मध्ये त्यांनी ब्राझीलमध्ये एक तपासणी केली. मोजणाऱ्याला गृहीतक माहीत नसताना किडींनी खाल्लेलं पानांचं क्षेत्र भरलं 1.11 टक्के. गृहीतक माहीत असताना त्यांच्याच हाताने आलं 5.14 टक्के, आणि इतरांच्या प्रकाशित कामात होतं 6.37 टक्के. लबाडी कोणीच केली नव्हती. लेखकांच्या मते, जास्त खाल्लेल्या जातीच्या झाडांकडे मोजणारा नकळत वळतो. आपल्या गोष्टीतली निवड पानांची आहे, झाडांच्या जातींची नाही. पण ‘सहज हाताला येईल ते घेतलं’ असं मेथड्समध्ये वाचलं की हे तीन आकडे आठवा.

दुसरा आकडा, किती टक्के अळ्या परजीवीग्रस्त होत्या. हा तर आणखी फसवा. खानावळीचं उदाहरण घ्या. दुपारी एक वाजता आत बसलेल्यांपैकी किती जणांचं जेवण झालंय हे मोजलंत. पण जेवून गेलेले बाहेर आहेत आणि दीड वाजता येणारे अजून आलेच नाहीत. तुमचा आकडा फक्त त्या क्षणाचा. दिवसभरात किती जेवले ते त्यातून निघत नाही. अळ्यांचंही तसंच. काही पान सोडून मातीत गेल्या, काही अजून अंड्यात आहेत, काही दुसऱ्याच कारणाने मेल्या. एका दिवशी आणलेल्या पानांतल्या अळ्या चिरून काढलेली टक्केवारी म्हणजे त्या पिढीतली एकूण मर नव्हे.

हा मुद्दा माझा नाही. रॉय व्हान ड्रिश यांनी 1983 मध्ये यावरच, ‘परजीवीग्रस्त टक्केवारीचा अर्थ काय’ या प्रश्नावर, एक गाजलेला पेपर लिहिला. वर अँकरेजच्या कामात आलेलं नाव तेच. त्यामुळे तो 1983 चा पेपर आधी वाचा आणि मग 2015 चा घ्या. लेखकाने स्वतः आखलेला निकष त्याच्याच कामाला लावून बघणं, यापेक्षा चांगला सराव मला माहीत नाही.

तिसरा दावा: अमेरिकेचा ईशान्य भाग

आता फेनुसाकडे. 1970 आणि 80 च्या दशकांत अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत तिच्याविरुद्ध युरोपातले परजीवी सोडले गेले. त्यातला लॅथ्रोलेस्टिस निग्रिकोलिस चांगला रुजला. कासाग्रांडे, व्हान ड्रिश आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये 34 वर्षांचा हिशेब मांडला. मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट, ऱ्होड आयलंड अशा अनेक ठिकाणी कीड शोधूनही मुश्किलीने सापडावी इतकी खाली गेली. न्यूजर्सीच्या दक्षिण भागात मात्र ती टिकून राहिली.

पहिल्या नजरेत हाही ‘आधी-नंतर’च. तरी माझा विश्वास याच्यावर जास्त का?

एक म्हणजे काळ. उद्रेक दोन-पाच वर्षांत आपोआप उतरतो, पण उतरून दोन-तीन दशकं तळाशीच बसून राहणं हे नुसत्या चढउतारात बसत नाही. दुसरं म्हणजे जागा. एकाच शहरातला योगायोग समजू शकतो. हवामान, माती, झाडं वेगवेगळी असलेल्या अनेक राज्यांत तोच निकाल आला, तर योगायोगाला फार राबावं लागतं. तिसरं, आणि मला सगळ्यात पटणारं, म्हणजे दक्षिण न्यूजर्सी. वरवर बघता हा यशाला लागलेला डाग वाटतो. पण ठरवून न आखलेल्या अभ्यासात असा अपवादच तुलनेला आधार देतो. कीड सगळीकडे सारखीच घटली असती, तर ‘काहीतरी सर्वव्यापी बदललं’ असं म्हणायला वाव राहिला असता.

इथेही फट आहे. अपवादाची जागा आधी ठरवून निवडलेली नव्हती. तिथला उन्हाळा वेगळा, कदाचित झाडंही वेगळी. अपवाद का झाला याचं उत्तर मिळेपर्यंत त्याला पक्का कंट्रोल म्हणता येणार नाही. म्हणून माझा क्रम असा: फेनुसाचा दावा भक्कम, अँकरेजचा मधला, एडमंटनचा शक्य कोटीतला. तिन्ही ठिकाणी गांधीलमाशीचा हात असावा असं मला वाटतं. पण ‘वाटतं’ हे क्रियापद मी तिन्ही ठिकाणी सारख्या जोराने वापरणार नाही.

आता तुमचं काम

समीक्षा म्हणजे पेपरवर तुटून पडणं नव्हे. आणि शेवटी ‘सॅम्पल साइज अजून मोठा हवा होता’ असं लिहून मोकळं होणं तर नव्हेच नव्हे. ते वाक्य न वाचलेल्या पेपरलाही चालतं. वरच्या चर्चेत मी चारच प्रश्न विचारले. नाव पक्कं आहे का? आकडा नेमका कशाचा? कशाशी तुलना केली, आणि ती तुलना शेवटपर्यंत टिकली का? हेच निकाल देणारं दुसरं कारण कोणतं, आणि ते खोडायला लेखकांनी काय केलं?

सरावासाठी घरचं उदाहरण घ्या. पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 मध्ये भारतात नोंदला गेला आणि 2010 मध्ये त्याच्यावर परदेशातून परजीवी आणून सोडले गेले. महाराष्ट्रातल्या पपईवाल्यांनाही या किडीने रडवलं होतं. ती यशोगाथा अनेकांनी लिहिली आहे. त्यातला कोणताही एक पेपर काढा, हे चार प्रश्न लावा आणि एका पानात उत्तर लिहा. मुलाखतीत ‘अलीकडे कोणता पेपर वाचलात?’ असं विचारलं की सारांश सांगू नका, हे पान सांगा. तिसऱ्या प्रश्नावर अडलात तर खाली लिहा. बहुतेक जण तिथेच अडतात, आणि कंट्रोल प्लॉटवर एक वेगळी पोस्ट लिहायची माझी तयारी आहे.